"त्या वर्षीच्या खुणेच्या वर कशाला येईल पाणी?" – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की पूर, वादळ, दरड, वीज याबद्दल मनात असेल ते विचारा. पत्रं आली ती बघून गंमत वाटली, कारण पाऊस किती पडणार हे फारसं कुणी विचारलेलंच नाही. बहुतेकांचा प्रश्न घरातल्या माणसांचा आहे, म्हणजे बाबा ऐकत नाहीत, आजी हलत नाही, नवरा म्हणतो काय होत नाय. त्यातले काही निवडलेत. नावं मुद्दाम काढून टाकलीत, गावात उगाच चर्चा नको.

प्रश्न : आमचं चिपळूणला बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. २००५ ला पाणी आलं तेव्हा वडिलांनी भिंतीवर रंगाने खूण केली होती आणि नंतर सगळे रॅक त्या खुणेच्या फूटभर वर बसवले. २०२१ ला पाणी रॅकच्याही वर गेलं, एक तागा वाचला नाही. आता वडिलांनी नवीन खूण केलीये आणि रॅक अजून वर घेतलेत. ते म्हणतात असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, आता आपल्या हयातीत काय टेन्शन नाही. बरोबर आहे का?

रॅक वर घेतले ते चांगलंच केलं, पण शंभर वर्षांचा हिशोब बरोबर नाही. आणि तो एकट्या तुमच्या वडिलांचा नाही, अख्ख्या बाजारपेठेचा तोच हिशोब आहे.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शेकडा १. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती शून्य होत नाही, परत १ च राहते. लुडोत आत्ताच सहा पडला म्हणून पुढच्या वेळी फासा सहा टाळत नाही ना, तसंच. आता तुम्ही अजून तीस वर्षं दुकान चालवणार असं धरलं तर त्या तीस वर्षांत असा पूर निदान एकदा बघायला लागण्याची शक्यता होते साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक. आपल्याकडे नदीकाठी ज्या निळ्या आणि लाल पूररेषा मारतात त्यातली लाल रेषा या शंभर वर्षांवाल्या पुराची, निळी असते पंचवीस वर्षांवाल्याची, आणि निळ्या रेषेच्या आत असाल तर तीस वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय हे सगळं गणित जुन्या नोंदींवर बसवलेलं असतं. मधल्या काळात नदीत गाळ भरला, काठाला भराव पडले, आणि थोड्या तासांत ढगफुटीसारखा कोसळणारा पाऊस वाढलाय. त्यामुळे कालचा शंभर उद्याही शंभरच राहील असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. (त्या रेषांवरून चिपळुणात किती भांडणं झाली ते तुम्हाला मी काय सांगू. माझं मत विचाराल तर रेषा पुसल्याने पाणी अडणार नाही हे खरं, पण नुसती रेषा मारून गाळ निघत नाही हेही तेवढंच खरं.)

आता खुणेबद्दल. रॉबर्ट केट्स नावाचा अमेरिकन भूगोलतज्ज्ञ होता, त्याने साठाच्या दशकाच्या सुरुवातीला नदीकाठच्या गावांत फिरून लोक पुराचा विचार कसा करतात ते तपासलं. त्याला दिसलं ते असं की माणसं जेवढा पूर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय तेवढाच मोठा पूर येऊ शकतो असं धरून चालतात, त्याच्यापेक्षा मोठा म्हटला की डोक्यात चित्रच उभं राहत नाही. तुमची रंगाची खूण म्हणजे नेमकं हेच. ज्याने काहीच बघितलेलं नाही तो बेसावध असतो हे आपल्याला कळतं, पण एक पूर बघितलेला माणूस कधीकधी जास्त बेसावध असतो, कारण त्याला वाटतं आपल्याला पुराची हाइट माहितीये.

ती हाइट कोण ठरवतं? चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला सह्याद्रीतून पाणी येतं, वीजनिर्मिती करून सोडलेलं कोयना धरणाचं पाणी त्यातच येतं, आणि खाली दाभोळच्या खाडीतून भरती वर चढते. हे सगळं एकाच वेळी जमून आलं की पाण्याला जायला जागाच उरत नाही. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती म्हणजे उधाण जवळ होतं, वरती घाटात पाऊस थांबत नव्हता आणि नदी गाळाने उथळ झालेली. यातली एक गोष्ट जरी कमी असती तर पाणी थोडं खाली राहिलं असतं आणि वाईट योग जुळला असता तर अजून वर गेलं असतं. म्हणजे तुमच्या भिंतीवर जी नवीन खूण आहे ती वरची मर्यादा नाहीये, त्या एका रात्रीची नोंद आहे फक्त.

अजून एक सांगतो, हे गिल्बर्ट व्हाइट नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकातच लिहून ठेवलंय. नदीला बांध घातले की लोक निर्धास्त होतात, बांधाच्या आडोशाला आणखी घरं-दुकानं उभी राहतात, आणि मग ज्या दिवशी पाणी बांध ओलांडतं त्या दिवशी नुकसान आधीपेक्षा मोठं होतं. रॅकचंही तसंच. रॅक वर घेतला म्हणून दुप्पट माल भरलात तर काय मिळवलं? त्यापेक्षा वडिलांशी बसून एवढंच ठरवा की कुठल्या क्षणी माल हलवायचा, म्हणजे कोकणासाठी रेड अलर्ट आहे, घाटात दिवसभर धो धो चालू आहे, अमावस्या-पौर्णिमा जवळ आहे आणि वाशिष्ठीने इशारा पातळी गाठली की टेम्पोवाल्याला फोन गेलाच पाहिजे, मग ऊन पडलेलं असलं तरी. टेम्पोवाला कोण, माल कुणाच्या गोडाऊनला जाणार, हे मे महिन्यातच बोलून ठेवायचं, कारण त्या रात्री सगळ्या पेठेला टेम्पो हवा असतो. आणि दुकानाचा विमा असेल तर त्यात पूर धरलाय का ते कागद काढून वाचा, एजंटला विचारू नका, वाचा.

प्रश्न : मी मालवणची. बाबा तांडेल आहेत, म्हणजे मासेमारीची होडी चालवतात. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला तरी कितीदा जातात, म्हणतात, "इतकी वर्सां दर्यात काढलंय, बावटो बघून घराक बसलंय तर खावचा काय?" आणि खरंच पाचातल्या चार वेळा काही होत नाही. मग चूक कोण, बाबा की हवामान खातं?

ताई, तुझ्या बाबांना मूर्ख ठरवायची माझी तयारी नाही. डिझेल भरलेलं असतं, बर्फ भरलेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते, वर होडीचा हप्ता. एक फेरी चुकली तर काय जातं ते त्यांना आकड्यात माहितीये, आणि गेलो तर काय होईल ते फक्त 'कदाचित' आहे. नक्की तोटा आणि कदाचित मरण यात माणूस बऱ्याचदा कदाचितला कवटाळतो, शहरातलाही तेच करतो, हेल्मेट न घालता.

बावट्याचं गणित वेगळं असतं. इशारा देणाऱ्याला दोन चुका होऊ शकतात, एक म्हणजे वादळ आलं नाही तरी बावटा लावला आणि दुसरी म्हणजे वादळ आलं आणि बावटाच लावला नाही. पहिलीत लोक शिव्या घालतात, दुसरीत माणसं जातात. म्हणून खातं पहिली चूक जास्त वेळा करणार, मुद्दाम करणार आणि केलीच पाहिजे. शिवाय इशारा असतो मोठ्या पट्ट्याला, आणि वारा त्यातल्या एखाद्याच तुकड्यात उसळतो. मालवणला काही झालं नाही म्हणजे अंदाज खोटा असं नसतं.

आणि 'काही झालं नाही' हेच फसवं आहे. प्रत्येक वेळी सुखरूप परत आले की बाबांच्या मनात धोका थोडा अजून लहान होतो, खरा धोका मात्र तेवढाच राहिलेला असतो. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ बाबांना आठवत असेलच, तेव्हा पावसाळा संपला म्हणून निर्धास्त दर्यात गेलेले कितीतरी खलाशी घरी आलेच नाहीत. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं, कोकणात ते जमिनीवर आलंच नाही तरी मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांना राहायचा केवढा मोठा बार्ज (तराफा) बुडाला, आणि इशारे तर काही दिवस आधीपासून चालू होते. अरबी समुद्र आता पूर्वीपेक्षा गरम आहे आणि तिथली वादळं बघता बघता जोर धरतात, ही बाबांच्या तरुणपणी नसलेली गोष्ट. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो ज्या दर्याचा आहे तो दर्या बदललाय.

करायचं काय, तर भांडायची वेळ बदल. होडीत बर्फ भरल्यावर कुठलाच तांडेल परत फिरत नाही, त्यामुळे अंदाज बघायचा तो बर्फ भरायच्या आधी. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा अंदाज पुढच्या काही दिवसांचा असतो, तो तू मोबाईलवर आदल्या दिवशी सकाळीच काढून दे, खर्च व्हायच्या आत. आणि बाबांना एकट्याला सांगू नकोस, शेजारच्या दोन-तीन तांडेलांनाही पाठव. एकट्याने घरी बसणं म्हणजे दुसऱ्याला मासळी मिळताना बघत बसणं, ते कुणाला जमत नाही, पण चार होड्या मिळून थांबल्या की जमतं.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनला मध्येच वारा एकदम पडला, सगळे बाहेर येऊन पत्रे गोळा करायला लागले आणि परत दुप्पट जोराने सुरू झालं. हे काय असतं?

वादळाचा डोळा. चक्रीवादळाच्या मधोमध शांत जागा असते, ती डोक्यावरून जाताना वारा थांबतो, कधी आभाळही उघडतं. मग पलीकडची भिंत येते आणि वारा उलट दिशेने वाहायला लागतो. म्हणून मघाशी एका बाजूला वाकलेले माड आणि पोफळी दुसऱ्या फटक्यात मोडतात, आधीच सैल झालेले पत्रे उडतात आणि नेमकी त्याच वेळी माणसं अंगणात असतात. ३ जून २०२० चा तुमचा अनुभव पुढच्यांना सांगून ठेवा. वारा अचानक मेला तर आतच बसायचं, पत्रे गेले तर जाऊ देत.

प्रश्न : आमची वाडी महाड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी. दर पावसाळ्यात नोटीस येते की स्थलांतर करा, शाळेत जा. आजी म्हणते मी मेले तर इथेच मरेन. मागच्या वर्षी वरच्या अंगाला जमिनीला भेग दिसली होती, मग पाऊस कमी झाला आणि सगळे विसरले. भेग म्हणजे दरड येणारच का?

हा प्रश्न वाचून झोप उडाली म्हटलं तरी चालेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भेग पडली म्हणजे दरड येणारच असं नाही, पण जमीन सरकायला लागली हे ती सांगते. आणि या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून ती बुजत नाही, पुढच्या वर्षी पाणी आत शिरायला तोच रस्ता असतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि मधलं अंतर टेपने मोजून वहीत तारखेसकट लिहा, दर आठवड्याला, पाऊस लागला की रोज. अंतर वाढतंय असं दिसलं की तहसीलला, तलाठ्याला फोटो आणि ती वही, दोन्ही दाखवा. "भेग आहे" म्हटलं की साहेब मान डोलावतात, तारखांसकट आकडे दाखवले की त्यांना लेखी काहीतरी करावं लागतं, हा माझा अनुभव.

भेगेशिवाय बघायच्या खुणा : सरळ असलेला विजेचा खांब किंवा झाड कलायला लागलं, घराचं दार चौकटीत घासायला लागलं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, जिथे कधी नव्हता तिथे नवा झरा फुटला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भर पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, अचानक आटला. लोकांना वाटतं पाणी ओसरलं, बरं झालं, पण वर कुठेतरी माती-दगडांनी वाट अडलेली असू शकते आणि तो गोळा कधीही सुटू शकतो. हे दिसलं तर नोटिशीची वाट बघायची नाही. सगळ्यांना घेऊन बाजूला, म्हणजे दरडीच्या वाटेपासून आडवं जायचं, पऱ्याच्या कडेने खाली पळायचं नाही.

पावसाचा अंदाज घरीही ठेवता येतो. सरळ कडांचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी पट्टीने मोजा. चोवीस तासांत साधारण २०० मिलिमीटरच्या वर गेला तर तो हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार पाऊस, आणि २०० मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर वीस हजार लिटर पाणी. आता तुमच्या वाडीच्या डोक्यावर डोंगराचे किती गुंठे आहेत ते बघा. असा पाऊस सलग दुसऱ्या दिवशी पडत असेल तर भेग असो नसो, रात्र त्या घरात काढायची नाही.

तुमच्या तालुक्याला हे नवीन नाही. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन, आणि २२ जुलै २०२१ ला तळिये, जिथे ऐंशीहून जास्त माणसं गेली. इकडे खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, आणि ती वाडी सरकारच्या धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून सुटलो असं नाही. तुमचं तर नाव आहे, नोटीस येते.

आता आजी. तिला समजावताना आपण मरणाची भीती घालतो, आणि तिने ते उत्तर आधीच देऊन ठेवलंय, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. तिला नेमकं काय अडतंय ते विचारा. गाय कोण बघणार? कोंबड्या? तांदळाची कणगी उघडी पडेल, देवाची पूजा राहील, आणि शाळेत रात्री संडासला जायचं कुठे, लादी गार, गुडघे धरतात. ही सगळी रास्त कारणं आहेत. नोटिशीत यातल्या एकाचंही उत्तर नसतं, आणि मग आपण म्हणतो लोक ऐकत नाहीत. गाईची सोय दुसऱ्या वाडीतल्या नातेवाइकाच्या गोठ्यात आधीच करून ठेवा, देव टोपलीतून बरोबर घ्या, आजीला शाळेत न नेता एखाद्या नात्यातल्या घरी न्या जिथे खाट आणि संडास आहे, आणि 'घर सोड' म्हणू नका, 'चार रात्री झोपायला चल, दिवसा येऊ परत' म्हणा. दरडी रात्रीच येतात असं नाही, तळियेची भर दिवसा आली, पण रात्री पळायला वेळ मिळत नाही. निदान रात्रीचा धोका टळला तर अर्धी लढाई झाली.

आणि कुणी घर वाढवायला मागचा डोंगर जेसीबीने कापत असेल तर त्याला वाडीने मिळून थांबवा. पायथा कापला की वरच्या मातीचा टेकूच जातो.

प्रश्न : मी मुंबईत असतो, घरचे गुहागरला. रेड अलर्ट म्हणून शाळांना सुट्टी दिली आणि कडक ऊन! मग हे रंग कशाला?

रंग सांगतो तुम्ही काय करायचं ते. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हाला. तो असतो अख्ख्या जिल्ह्याला, आणि रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलाय. गुहागरला ऊन आणि त्याच दिवशी संगमेश्वरला पूल पाण्याखाली, हे तुम्हीही बघितलं असेल. बाकी बावट्याचं उत्तर वर दिलंय तेच इथे लागू. घरच्यांच्या मोबाईलमध्ये १०७७ सेव्ह करून द्या, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, आणि हे फोनवर न सांगता गणपतीला गेलात की स्वतः करून द्या.

प्रश्न : "अमुक तारखेला कोकणात त्सुनामी, कोयनेला भूकंप" असे मेसेज येतात. आई दोन दिवस झोपत नाही. आणि याच आईला भात कापताना गडगडलं तरी शेतातून यायचं नसतं!

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

मेसेजचं आधी. भूकंप कुठल्या तारखेला होणार हे जगात कुणीही सांगू शकत नाही, त्यामुळे मेसेजमध्ये तारीख दिसली की तिथेच डिलीट. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला, तेव्हापासून तिथे छोटे धक्के चालूच असतात, चिपळूण-पाटणवाल्यांना सवय आहे. त्सुनामी आपल्या किनाऱ्याला अगदीच अशक्य नाही, नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचून माणसं गेली होती. पण आता हैदराबादला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र २००७ पासून चोवीस तास चालू आहे, खरा इशारा आला तर सरकारकडून येईल, मावशीच्या ग्रुपवरून नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की किनाऱ्यावर असताना जोरात हादरा बसला किंवा समुद्र भलताच मागे गेला तर शंखशिंपले गोळा करत बसायचं नाही, सरळ वरच्या कातळावर चढायचं.

आता वीज. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, सरकारी आकडे आहेत. पण ती एकेकटी जातात, इथे एक, तिथे दोन, त्यामुळे बातमी आतल्या पानावर. जे एका झटक्यात शेकडो माणसांना नेतं, जे कधी बघितलेलं नाही आणि जे आपल्या हातात नाही, त्याची भीती माणसाला जास्त वाटते. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. त्सुनामीत हे तिन्ही आहे. वीज मात्र लहानपणापासून बघितलेली, आणि कापून ठेवलेलं भात भिजलं तर वर्षाचा घास जातो हे डोळ्यांसमोर, म्हणून आई थांबते.

ऑक्टोबरात दुपारनंतर आभाळ भरून आलं की कडाडायच्या आधीच निघायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या, आजूबाजूला कुठे वीज पडतेय ते दाखवतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शेतात परत जायचं नाही. आंब्याखाली, माडाखाली उभं राहायचं नाही, शेतातला मांगर (खोपटं) उघडा असेल तर तोही उपयोगाचा नाही, पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी. मोबाईल वीज खेचतो हे खोटं आहे, बॅटरीवरचा मोबाईल खिशात राहू दे, चार्जिंगला लावलेला मात्र हातात घेऊ नका.

आणि आईला नुसतं "ये गं घरी" म्हणून ती येणार नाही. शेतात जाताना एक मोठी ताडपत्री बरोबर न्या, आभाळ आलं की दोघांनी पाच मिनिटांत भारे झाकायचे आणि निघायचं. भात झाकलेलं दिसलं की ती तुमच्या पुढे चालायला लागेल.